फिकट निळा झेंडा

काँक्रीटची एक चाचणी मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा पाहिली असेल, तरी ती पाहताना आजही हातातले काम थांबते. सपाट पोलादी पत्र्यावर मधोमध एक शंकू ठेवतात, त्यात काँक्रीट काठोकाठ भरतात आणि दोन्ही हातांनी तो शंकू सरळ वर उचलतात. नेहमीचे काँक्रीट असेल तर मागे ओल्या वाळूच्या किल्ल्यासारखा, जरासा खचलेला ढीग उरतो. हे काँक्रीट मात्र ढीग होऊन उभे राहत नाही. थापणाऱ्या हाताशिवाय भाकरी मोठी होत जावी तसे ते चहूबाजूंनी गोल पसरत जाते, खडी मध्यावर न अडकता कडेपर्यंत पोचते, कडेला पाण्याची रेघ सुटत नाही आणि साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ झाले की ते शांतपणे थांबते. काँक्रीट थरथरवून दाबून बसवणारे यंत्र, म्हणजे व्हायब्रेटर, न लावता, केवळ स्वतःच्या वजनाने, सळयांच्या दाट जाळीतून वाट काढत साच्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसणारे असे हे काँक्रीट आहे.

एका पुलाच्या खांबाच्या माथ्याशी सळया इतक्या दाट होत्या की त्यांत व्हायब्रेटरची सुई उतरेना, तेव्हा ते मी पहिल्यांदा वापरले. ते ज्यांच्या विचारातून निघाले, त्या हाजिमे ओकामुरा यांचे नाव तेव्हापासून परिचयाचे होते. ते टोकियो विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९८० च्या दशकात जपानमधले कुशल कामगार कमी होत चालले होते, काँक्रीट नीट दाबून बसवणारे हात मिळेनासे झाले होते आणि बांधकामांचा टिकाऊपणा त्यापायी घटत होता. अशा वेळी माणसाच्या हातावर अवलंबून न राहणारे काँक्रीटच तयार करावे, हा विचार ओकामुरांनी १९८६ मध्ये मांडला आणि १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. एवढे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की विद्यार्थी असताना ओकामुरा त्याच विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारे खेळाडू, होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात) आणि पिचर म्हणून त्यांच्या नावावर जमा झालेले १७ विजय हा त्या संघाचा आजवरचा विक्रम आहे. त्याच कारकिर्दीत त्यांच्या नावावर ३५ पराभवही आहेत.

ज्याचे पराभव विजयांच्या दुपटीहून अधिक आहेत, तोच संघाच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी पिचर ठरतो, असा हा संघ आहे तरी कोणता, या एका प्रश्नापायी मी टोकियो विद्यापीठाच्या बेसबॉल संघाची हकीकत वाचू लागलो आणि तिच्यात गुंतत गेलो.

जपानमध्ये बेसबॉल आला तोच मुळी या विद्यापीठाच्या अंगणातून. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाचे अमेरिकी शिक्षक, पुढे टोकियो विद्यापीठ झालेल्या सरकारी शाळेत शिकवत होते. वर्गात बसून बसून मुलांची शरीरे आखडतात, त्यांना मोकळ्या हवेत हलवले पाहिजे, म्हणून त्यांनी मुलांच्या हाती बॅट आणि चेंडू दिला, असे सांगतात. त्यानंतर बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या शाळेत मासाओका शिकी नावाचा एक मुलगा दाखल झाला आणि या खेळाच्या अक्षरशः प्रेमात पडला. मराठी वाचकाला शिकी परके वाटू नयेत. शिरीष पै यांच्यामुळे आपल्याकडे रुजलेला हायकू ज्या नावाने आपण ओळखतो, ते नाव त्या काव्यप्रकाराला शिकींनीच रूढ करून दिले. हेच शिकी यष्टिरक्षकासारखे फलंदाजाच्या मागे वाकून चेंडू झेलत असत. फलंदाज, धावणारा गडी, सरळ चेंडू, उंच उडालेला चेंडू यांसाठी त्यांनी योजलेले जपानी शब्द आजही मैदानावर वापरले जातात. क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि १९०२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. बेसबॉलवर त्यांनी लिहिलेल्या बहुतेक कविता ज्या काळातल्या आहेत, त्या काळात त्यांना स्वतः पळता येत नव्हते, हे कळल्यावर त्या कवितांकडे नुसता खेळाचा उल्लेख म्हणून पाहणे मला जमले नाही.

शिकींची ती शाळा पुढे पहिली उच्च शाळा म्हणून प्रसिद्ध झाली आणि १८९० च्या दशकात तिचा संघ देशात अजिंक्य मानला जाई. २३ मे १८९६ रोजी या मुलांनी योकोहामातल्या परदेशी रहिवाशांच्या क्लबला २९ विरुद्ध ४ असे हरवले. ज्यांनी खेळ आणला त्यांनाच त्यांच्या मैदानावर जाऊन हरवल्याची बातमी देशभर गाजली. आपल्याकडे इंग्रजांच्या जिमखान्यांशी पारशी, आणि पुढे हिंदू व मुसलमान संघ क्रिकेट खेळू लागले, त्याची आठवण इथे कोणाही मराठी माणसाला होईल. मात्र २३ मे ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुन्हा येणार आहे.

पहिल्या उच्च शाळेची सद्दी १९०४ मध्ये संपली. त्या वर्षी वासेदा आणि केइओ या दोन खाजगी संस्थांनी तिला हरवले आणि तेव्हापासून विद्यापीठीय बेसबॉलचा मध्यबिंदू खाजगी विद्यापीठांकडे सरकला. वासेदा आणि केइओ यांच्यातली चुरस इतकी तापली की १९०६ मध्ये दोघांचे सामने थांबवावे लागले आणि ते जवळजवळ वीस वर्षे बंद राहिले. १९११ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर लेखमाला चालवली. तिच्यात या खेळाला खिसेकापूंचा खेळ म्हणणारे विद्वान इनाझो नितोबे हे तेव्हा खुद्द पहिल्या उच्च शाळेचे प्राचार्य होते. ज्या अंगणात खेळ वाढला, त्याच अंगणातल्या वडीलधाऱ्याने त्याला असे हिणवावे, हे वाचताना मला आपल्या घराघरांतले संवाद ऐकू आले.

१९२५ च्या शरद ऋतूत वासेदा, केइओ, मेइजी, होसेई आणि रिक्क्यो या पाच विद्यापीठांच्या स्पर्धेत टोकियो इम्पीरियल विद्यापीठ, म्हणजे तेव्हाचे टोकियो विद्यापीठ, सहावे म्हणून दाखल झाले आणि आज चालू असलेली सहा विद्यापीठांची लीग उभी राहिली. वासेदा आणि केइओ यांचे सामनेही तेव्हाच पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी मेइजी जिंगू मैदान बांधून झाले. वसंत आणि शरद असे वर्षाला दोन हंगाम. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी भिडतो आणि त्या भेटीत जो आधी दोन सामने जिंकेल त्याला एक गुण, अशी पद्धत आहे. विजेत्याला सम्राटाच्या नावाचा चषक मिळतो. गेल्या शतकात सहापैकी पाच विद्यापीठांनी तो उंचावला. टोकियोने एकदाही नाही.

सर्वांत जवळ हा संघ गेला तो १९४६ च्या वसंतात, आणि त्या हंगामाची पार्श्वभूमी ठाऊक असल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १९४३ मध्ये सरकारने ही लीग बंद केली होती. शत्रूच्या भाषेतले शब्द मैदानावर नकोत म्हणून ‘स्ट्राइक’सारखे शब्द बोलायचीही त्या वर्षी बंदी झाली होती. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, जिंगू बेसबॉल मैदानाला लागून असलेल्या क्रीडांगणावर, भर पावसात, खांद्यावर बंदुका घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांचे संचलन झाले आणि ती मुले वर्गातून थेट युद्धावर गेली. त्यांतली अनेक परत आली नाहीत. १९४६ मध्ये जिंगू मैदान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होते, शहर जळालेले होते, खायला पुरेसे नव्हते, आणि तरी लीग सुरू झाली. या वेळी प्रत्येक संघाशी एकच सामना होता. टोकियोने पहिले चारही जिंकले. शेवटचा सामना तितकेच अपराजित असलेल्या केइओशी पडला आणि तो टोकियोने ० विरुद्ध १ असा गमावला. त्या एका धावेने दुसरा क्रमांक आला आणि त्याहून वर तो संघ आजतागायत गेलेला नाही. युद्धामुळे सगळ्यांचीच घडी विस्कटली होती, म्हणून ती संधी आली, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अर्धपोटी मुलांनी चार सामने ओळीने जिंकले आहेत, त्यांच्या पदरातून ते काढून घेण्याचे कारण नाही.

पुढच्या दशकांत बाकीच्या पाच विद्यापीठांत आणि टोकियोत एक दरी पडली आणि ती रुंदावतच गेली. तिचे कारण सरळ आहे. त्या पाचही संस्था खाजगी आहेत आणि शाळकरी वयातच नाव कमावलेल्या खेळाडूंना खेळाच्या बळावर तिथे प्रवेश मिळू शकतो. कोशिएन इथल्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत सारा देश ज्यांना दूरचित्रवाणीवर पाहतो, अशी मुले तिथे येतात. टोकियो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा जपानमधली सर्वांत कठीण समजली जाते आणि चेंडू कितीही वेगाने टाकता येत असला तरी तिच्यात एक गुणही वाढवून मिळत नाही. म्हणजे एका बाजूला लहानपणापासून दिवसाचा निम्मा वेळ मैदानावर घालवलेली मुले, आणि दुसऱ्या बाजूला ऐन खेळण्याच्या वयात एखादे वर्ष, कधी दोन वर्षे, क्लासच्या बाकावर बसून आलेली मुले. सामना सुरू होण्याआधीच तो बराचसा ठरलेला असतो.

इथे मी माझ्याविषयी थोडे सांगतो, कारण हा संघ मला का धरून बसला ते त्यावाचून कळणार नाही. शाळेच्या संघात मी मध्यमगती गोलंदाज होतो. नववीची परीक्षा झाली आणि बॅट, पॅड, चेंडू सगळे एका गोणपाटात बांधून माळ्यावर गेले. कोणी रागावले नाही, कोणी मारले नाही. दहावीचे वर्ष आहे, एवढे एक वाक्य पुरले. दहावीनंतर बारावी, मग अभियांत्रिकी, मग नोकरी. ते गोणपाट मी पुन्हा सोडले ते घर बदलताना, आणि तोवर पॅडचा कापूस उंदरांनी नेला होता. आई-वडिलांना दोष द्यावा असे यात काही नाही. त्यांनी त्यांच्या परीने मला मार्गी लावले. पण खेळ आणि अभ्यास यांतले एक उचलले की दुसरे खाली ठेवायचे असते, हे मी इतके निमूटपणे मानले की त्याला दुसरी बाजू असू शकते, हे कळायला मला ओकामुरांचे १७ विजय आणि ३५ पराभव दिसावे लागले.

ओकामुरा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात खेळले. पुढे त्यांनी याच संघाचे प्रशिक्षकपदही सांभाळले. त्यांच्यानंतरही मधून मधून चमकदार हंगाम आले. १९८१ च्या वसंतात टोकियोने वासेदा आणि केइओ या दोघांकडूनही गुण काढले. विद्यापीठाच्या होंगो आवारातल्या, १८२७ साली बांधलेल्या लाल दरवाजावरून तेव्हाच्या वृत्तपत्रांनी त्या हंगामाला लाल दरवाजाचे वादळ म्हटले. तरीही तो हंगाम संपला तेव्हा संघ चौथा होता. या संघाच्या इतिहासात वादळाची उंची चौथ्या क्रमांकाएवढी असते.

मग ती मालिका आली. २ ऑक्टोबर २०१० रोजी टोकियोने वासेदाला ४ विरुद्ध २ असे हरवले. वासेदाचा पिचर होता युकी साइतो, म्हणजे शाळेत असल्यापासून देशभर लोकप्रिय झालेला तारा. त्या विजयाचे कौतुक विरले नव्हते तोच पराभव सुरू झाले आणि ते थांबेनात. याआधीची ७० पराभवांची मालिकाही याच संघाच्या नावावर होती. ती मागे पडली. २०१३ च्या सुरुवातीला व्यावसायिक बेसबॉलमधले ख्यातनाम पिचर मासुमी कुवाता विशेष प्रशिक्षक म्हणून आले. लहानपणी प्रशिक्षकांचा मार खाल्लेले आणि म्हणूनच मारझोडीच्या शिस्तीविरुद्ध उघडपणे बोलणारे हे गृहस्थ. तासन् तास घाम गाळण्यापेक्षा थोडा पण नेमका सराव करावा, असे ते सांगत. त्याच सुमारास मुख्य प्रशिक्षक झालेले काझुशी हामादा खेळणाऱ्या मुलांसाठी शिकवणीचा क्लास चालवत. चांगले शालेय खेळाडू हेरायचे आणि त्यांनी प्रवेशपरीक्षेची तयारी करावी म्हणून त्यांच्या मागे लागायचे, असा त्यांचा उद्योग होता. क्लासवाल्याने मुलाला मैदानाकडे वळवावे, हे आपल्याकडे कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

तरीही पराभव चालूच राहिले. ऐंशी झाले, नव्वद झाले, चौऱ्याण्णव झाले.

या आकड्यापेक्षा मला अधिक लागते ती दुसरी एक गोष्ट. एप्रिल २०११ मध्ये जी मुले या विद्यापीठात दाखल होऊन संघात आली, ती २०१५ च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. मधल्या चार वर्षांत, आठ हंगामांत, त्यांच्या संघाने लीगमधला एकही सामना जिंकला नाही. त्यांनी सराव सोडला नाही, संघ सोडला नाही, शेवटच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यालाही ती जिंकण्यासाठीच उतरली, आणि हरून घरी गेली. २३ मे २०१५ रोजी, योकोहामातल्या त्या विजयानंतर ११९ वर्षांनी त्याच तारखेला, टोकियोने होसेईला दहा डावांपर्यंत ताणलेल्या सामन्यात ६ विरुद्ध ४ असे हरवले आणि मालिका तुटली. मैदानावर रडणारी मुले होती ती अर्थात त्या वेळची. आदल्या तुकडीतली, दोनच महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली मुले तेव्हा कोणत्या कचेरीत, कोणत्या रेल्वेगाडीत असतील, आणि त्यांना तो निकाल कसा कळला असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

२०१७ च्या शरद ऋतूत होसेईलाच लागोपाठ दोनदा हरवून टोकियोने पंधरा वर्षांनी एक गुण मिळवला. त्यानंतर पुन्हा पराभवांची रीघ लागली आणि ती ६४ वर पोचली.

त्या रिघेत मी एक पराभव पाहिला आहे. २०१८ च्या शरद ऋतूत एका प्रशिक्षणासाठी टोकियोला गेलो होतो आणि शनिवार मोकळा मिळाला म्हणून जिंगू मैदान गाठले. त्या मैदानावर संध्याकाळी व्यावसायिक संघ खेळतो, पण दिवसा विद्यार्थ्यांचा मान पहिला असतो. मी टोकियोच्या बाजूला बसलो. सामन्याचे मी फार काही सांगू शकणार नाही. तिसऱ्या डावापर्यंतच निकाल दिसू लागला होता आणि माझे लक्ष मैदानावरून वारंवार प्रेक्षागाराच्या वरच्या टोकाकडे जात होते. तिथे काळ्या, गळाबंद गणवेशातला एक विद्यार्थी विद्यापीठाचा फिकट निळा झेंडा घेऊन उभा होता. झेंडा प्रचंड होता आणि काठी माणसाच्या कितीतरी पट उंच. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या खोबणीत काठीचे टोक टेकवून, दोन्ही हात तिच्यावर आवळून, गुडघे किंचित वाकवून तो मुलगा उभा होता. वारा आला की झेंडा भरायचा, काठी कलायची आणि त्याचे अख्खे शरीर उलट दिशेला ताणले जायचे. मानेच्या शिरा मला खालून दिसत होत्या. धावफलकाकडे त्याचे लक्ष आहे की नाही, हे चेहऱ्यावरून कळत नव्हते. सामना संपल्यावर जिंकलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी टोकियोच्या नावाचा जयघोष केला, टोकियोच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावाचा केला, आणि तो होईपर्यंत झेंडा खाली आला नाही.

या लीगमध्ये शेवटच्या संघाला खालच्या गटात ढकलण्याची पद्धत नाही. जपानमध्येच इतर विद्यापीठीय स्पर्धांत ती आहे. शंभर वर्षे बहुतेक वेळा तळाशी असणाऱ्या या संघाला बाकीच्या पाचांनी कधी बाहेर काढले नाही, आणि टोकियोनेही आपणहून माघार घेतली नाही. उपकार म्हणून ठेवलेला संघ, असे कोणी याला म्हटले तर मी वाद घालीन. त्या दिवशी समोरच्या संघाचा पिचर शेवटच्या डावातही पहिल्या डावाइतक्याच जोरात चेंडू टाकत होता. दया करणारा माणूस असा चेंडू टाकत नाही.

६४ पराभवांची ती दुसरी मालिका तुटली ती २०२१ मध्ये. समोर पुन्हा होसेई, धावसंख्या २ विरुद्ध ०, आणि तारीख, पुन्हा एकदा, २३ मे. प्रशिक्षक होते सत्त्याहत्तर वर्षांचे ताकाशी इदे. याच संघातून १९६० च्या दशकात व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेलेले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा याच मैदानावर परतलेले.

जिंगूच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यापीठाच्या यायोई आवारातले संघाचे स्वतःचे मैदानही पाहून आलो होतो. ते १९३७ मधले आहे आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. कुंपणाशी उभे राहून मी आधी तिथले काँक्रीट पाहिले, कारण सवय जात नाही. हातांनी ठोकून ठोकून बसवण्याच्या काळातले ते काँक्रीट अजून भक्कम होते. आत चार-पाच मुले लाकडी दाताळी घेऊन माती सपाट करत होती. त्यांतला एक जण मधल्या उंचवट्यावर, पिचर उभा राहतो तिथे, गुडघ्यांवर बसला होता. आदल्या दिवशीच्या पायांनी पडलेला खड्डा त्याने ओल्या मातीने भरला, तळहाताने दाबला, जरा पाणी शिंपडले, पुन्हा दाबला. मग उठून त्या जागेवर एक पाय रोवून पाहिला, आणि मान हलवून पुन्हा खाली बसला.